नाशिक, येवला, वेरूळ, पैठण : चार दिवस आणि एक साडी



मागच्या महिन्यात चार दिवस घराबाहेर होते, म्हणून इथे काही लिहिणं झालं नाही. नाशिक, येवला, वेरूळ, संभाजीनगर, पैठण, नगर असं करून परत बेल्ह्याला आले. यात्रा म्हणावी तर यात्रा नव्हती आणि सहल म्हणावी तर मनावर ओझं होतं. थोरल्या नातीचं लग्न ठरलंय, अक्षय तृतीयेनंतरचं. व्याही पुण्याचे, आपल्याच समाजातले, माणसं चांगली. बोलणी झाली तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई सहज बोलून गेल्या, "आम्हाला काही नको, पण फेऱ्यांना पैठणी हवी हं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माझ्या गरम पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले.

इथल्या जुन्या मैत्रिणींना माहीत आहे, मी रेशीम वापरत नाही. छत्तीस वर्षांची होते तेव्हा आमच्याकडे महासतीजींचा चातुर्मास होता. एका व्याख्यानात त्यांनी रेशीम कसं निघतं ते सांगितलं, कुठेही आवाज न चढवता, पाककृती सांगावी तसं. दुसऱ्या दिवशी मी पच्चक्खाण घेतलं. त्याला आता तीस वर्षं होतील. नियम माझा आहे, घराचा नाही. सूनबाई नेसते, मुली नेसतात, मी कधी कुणाला टोकलं नाही. पण आमच्या घरात लग्नाची साडी आजीने द्यायची रीत आहे. माझी माझ्या आजेसासूबाईंनी दिली होती. म्हणजे पैठणी घ्यायची तर पैसे माझे आणि पसंती माझी. आपण प्रतिक्रमणात म्हणतो ते तिन्ही आठवा : करणं, करवणं आणि अनुमोदन. नेसणार नात असली तरी विकत घेणारी मी. पहिल्या खान्यातून सुटले तरी दुसऱ्यात सापडतेच.

मुलगा म्हणाला, "येवला काही लांब नाही, एकदा चल, बघ, मग ठरव." नात म्हणाली, गाडी काढतोच आहोत तर वेरूळही करू, आजीने नीट पाहिलेलं नाही. ते खरंच होतं. शाळेच्या सहलीत कैलास लेणं दाखवून आमची बस परत फिरली होती, आपल्या लेण्यांपर्यंत गेलीच नव्हती. आमचे हे आले नाहीत. "दुकान कोण बघणार?" हा प्रश्न ते गेली चाळीस वर्षं विचारताहेत आणि चाळीस वर्षं त्याचं उत्तर तेच आहेत.

प्रवासातल्या खाण्याचं आधी सांगते, कारण फोनवर सगळ्यांनी तेच विचारलं. दशम्या, खाकरे, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं आणि दोन मोठे थर्मास गरम पाणी. चौविहाराची वेळ हिवाळ्यात फार लवकर येते, सहा-सव्वासहाला सूर्य गेलाच. म्हणून रोज पाचला गाडी थांबवायची, मग ढाबा असो की पिंपळाचा पार. मुलाला पहिल्या दिवशी ते जड गेलं. दुसऱ्या दिवशी तोच घड्याळ बघायला लागला.

शुक्रवारी सकाळी मांगलिक ऐकून निघालो. आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याला लागलं की चंदनापुरीचा घाट, संगमनेर, मग सिन्नर. सिन्नरला गोंदेश्वराचं मंदिर रस्त्यापासून फार आत नाही. यादवांच्या काळातलं, मधे मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान. आम्ही तिथे अर्धा तास होतो, दुसरं कुणीही नव्हतं. एक म्हातारा गृहस्थ चबुतऱ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. इतकं मोठं काम आणि इतकी शांतता. आपल्या भागातली माणसं वर्षातून चारदा इथून जातात आणि गाडी थांबवत नाहीत.

नाशिकला नणंदेकडे मुक्काम होता. गजपंथाला म्हसरुळला गेलो, पण डोंगर चढले नाही. पायऱ्या चारशेच्या वर आहेत आणि माझे गुडघे त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र, सात बलभद्र इथून मोक्षाला गेले असं मानतात. आपण स्थानकवासी, मूर्तिपूजा करत नाही, म्हणून आपल्यातल्या काही जणी अशा ठिकाणी जातच नाहीत. मला त्यात काही अडचण वाटत नाही. खाली बसून नवकार म्हटला, नात वर जाऊन आली.

पांडवलेणी मात्र चढले, दोनशेच्या आसपास पायऱ्या, तीन ठिकाणी बसून. इथली लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, पण अकराव्या लेण्यात नंतरच्या काळात ऋषभदेव आणि अंबिका आल्या आहेत. मला थांबवलं ते दहाव्या लेण्याने. तिथे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण नातीने मोबाईलवर त्याचं भाषांतर काढून वाचून दाखवलं आणि मी, बी.कॉम. झालेली बाई, तिथल्या दगडी बाकावर बसूनच राहिले. त्याने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले आहेत. कुणाकडे? विणकरांच्या श्रेणीकडे! दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. मी लगेच हिशेब केला : दोन हजारांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. ताळेबंद जुळल्यावर होतो तो आनंद मला कॉलेज सोडल्यानंतर फार वेळा मिळालेला नाही.

अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. आपल्या संस्थांमध्ये "कायम निधी" असतो, मुद्दल गोठवून व्याजावर जीवदया किंवा पाणपोई चालवतात, तीच ही पद्धत. आणि हे जुन्नरच्याही लेण्यांत आहे बरं का. आपल्या उंबऱ्यावरच्या लेण्यांतही बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी दिल्याचे लेख आहेत, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचाही. भुसार माल विकणाऱ्या घरात मी चाळीस वर्षं काढली आणि हे मला नाशिकला जाऊन कळावं.

शनिवारी येवल्याला निघालो. निफाड, विंचूर या पट्ट्यात रस्ताभर कांद्याचे ट्रॅक्टर. लासलगावची बाजारपेठ इथून जवळच. काच खाली केली की वास गाडीत. नात हसत म्हणाली, "आजी, नाक बंद कर, नाहीतर नियम मोडेल." मग तिने विचारलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्या समाजातली कितीतरी घरं कांद्या-बटाट्याच्या आडतीवर उभी आहेत, नारायणगाव, मंचर, आळेफाटा कुठेही बघ. जमिनीखालचं खात नाही पण विकतो. दूध पितो, चपला चामड्याच्या घालतो. मग रेशमावरच एवढं का अडायचं? मी तिला म्हटलं, सगळं सुटत नाही म्हणून जे सुटतं तेही धरून ठेवायचं का? ती गप्प बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर प्रश्न तिने योग्य विचारला होता.

येवला हे बाबासाहेबांनी १९३५ मध्ये जिथून धर्मांतराची घोषणा केली ते गाव, तात्या टोपे यांचं जन्मगाव, आणि संक्रांतीला आकाश पतंगांनी भरतं तेही हेच. पैठणचे विणकर इथे आणून वसवले ते रघोजी नाईकांनी, असं गावात कुणीही सांगतं. मोठ्या रस्त्यावर पैठणीची दुकानं एकाला एक लागून आहेत, काचेची दारं, एसी, बाहेर लग्नाची माणसं भरलेल्या गाड्या. तिकडे आम्ही गेलोच नाही. नणंदेच्या ओळखीने एका विणकराच्या घरी गेलो.

पुढच्या खोलीत माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. नवरा-बायको दोघंही विणतात. पदरावरचा मोर काढायला रंगारंगाचे धागे लहान-लहान कांड्यांवर गुंडाळलेले, पंचवीस-तीस तरी लोंबत होत्या, आणि तो माणूस न बघितल्यासारखा एकेक उचलून दोन-दोन धाग्यांतून ओवत होता. मागून बघा, पुढून बघा, मोर सारखाच. दिवसभरात किती होतं विचारलं तर त्याने बोटांचं अंतर दाखवलं. भरलेल्या पदराची साडी असेल तर महिने जातात. रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे यंत्रमागावरच्या नकली मालाशी भांडायला कागद हातात आला. "पण गिऱ्हाईक कागद बघत नाही, भाव बघतं," त्याची बायको म्हणाली.

साडीत रेशीम किती असतं ते मी विचारलं. तो म्हणाला, वजनदार असेल तर अर्धा किलोच्या पुढे. मग मी मनात दुसरा हिशेब केला, हा नाशिकसारखा आनंदाचा नव्हता. एक किलो रेशमाला सहा-सात किलो कोश लागतात. एका किलोत पाचशे-सहाशे कोश. म्हणजे किलोला साडेतीन हजारांच्या आसपास, आणि अर्धा किलोला पावणेदोन हजार. प्रत्येक कोशात एक जीव. कोशाचा धागा हजार मीटरच्या आसपास अखंड निघतो म्हणून तर रेशमाला ती चमक. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून तो बाहेर यायच्या आधीच वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात. एका साडीला पावणेदोन हजार त्रस जीव. लग्नपत्रिकेवर आपण ठळक छापतो, "शुद्ध जैन भोजन, सूर्यास्तापूर्वी." आणि मांडवात तीनशे बायका रेशमात. ताटातल्या गाजराच्या तुकड्यावरून आचाऱ्याला धारेवर धरणाऱ्या आपणच. हे मी कुणाला बोचावं म्हणून लिहीत नाही, पण हा हिशेब एकदा कागदावर मांडायला हवा होता.

काही जणी म्हणतील, अहिंसा रेशीम मिळतं ना. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशातून सूत काढायची पद्धत बसवली, त्याचं पेटंटही घेतलं. चांगलंच आहे. पण तुतीच्या रेशमाचा पतंग बाहेर आला तरी त्याला उडता येत नाही, शेकडो पिढ्या माणसाने पाळून त्याचे पंख नुसते नावाला उरलेत. आणि हा विणकर म्हणाला की कातलेल्या सुताला पैठणीची झळाळी येत नाही, त्याच्याकडे तो धागा येतही नाही.

मी ही चौकशी करत होते तेव्हा नात मागाजवळ बसली होती. विणकराच्या बायकोच्या लक्षात आलं असावं. "आजी, तुम्ही जैन ना? आमच्याकडे येतात तुमचे लोक. पुष्कळ घेतात." मी माझा नियम सांगितला. तिला राग आला नाही, पण ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "तुमचं खरं असेल. पण सगळ्यांनी असंच धरलं तर हा माग बंद. आमचीही चार तोंडं आहेत, तेही जीवच." यावर काय बोलणार? शास्त्रात उत्तर असेल, माझ्यापाशी त्या वेळी नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या विणकरांकडे राजाचा जावई विश्वासाने ठेव ठेवत होता, त्यांचेच हे धंदाभाऊ आज सावकाराकडून रेशमासाठी उचल घेतात.

मग तिनेच एक गोष्ट सुचवली. घरात जुनी पैठणी आहे का? असेल तर तिचे काठ आणि पदर कापून नव्या अंगावर शिवून मिळतात, पुष्कळ जण आजीच्या साडीचं तसं करून घेतात. अंग सुतीही चालेल, ती म्हणाली, तिच्या सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी पैठणीचं अंग सुतीच असायचं. बारीक सुताचं अंग हातमागावर विणून देऊ. मजुरी होईल, पण रेशीम नवं लागणार नाही.

घरी पेटीत सासूबाईंची पैठणी आहे. नऊवारी, वांग्याच्या रंगाची, अंग घड्यांवर विरलेलं, पण काठ शाबूत. नातीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आजी, जुन्यात नवी हिंसा नाही ना?" नवी नाही. पण अनुमोदनाचं काय? मांडवात बघणारीला तो पदर जुना आहे हे कुठे दिसणार? ती पैठणीच बघेल आणि आपल्या मुलीसाठी नवी घेईल. वैजापूर येईपर्यंत आम्ही दोघी यावर बोलत होतो. सूनबाई मधेच म्हणाली, "अहो आई, इतका विचार केला तर श्वासही घेता येणार नाही." ती रागावली नव्हती, थकली होती. तिच्यावर दोन्ही बाजूंनी येतंय, एकीकडे विहीणबाई आणि एकीकडे मी.

वेरूळला जैन गुरुकुलाच्या आवारात राहायची सोय झाली. रविवारी सकाळी लवकर लेणी गाठली. (जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात.) मुलगा कैलासकडे गेला. आम्ही तिघी सरळ उत्तरेच्या टोकाला, तीस ते चौतीस क्रमांकाच्या आपल्या लेण्यांकडे. बाकीच्या लेण्यांपासून ती अंतरावर आहेत, त्यामुळे तिथे गर्दी पोचत नाही. बत्तिसावं इंद्रसभा. नाव चुकून पडलंय, हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोक इंद्र समजले. अंगणात एकाच दगडातला हत्ती, शेजारी मानस्तंभ, आणि वरच्या मजल्यावर छताला अजून रंगाच्या खुणा. नवव्या-दहाव्या शतकातलं काम. खांब इतके नाजूक कोरलेत की दगड आहे हे विसरायला होतं.

आत पार्श्वनाथ आणि बाहुबली पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. पार्श्वनाथांवर कमठ दगड-धोंडे घेऊन तुटून पडलाय, ते हलत नाहीत. बाहुबलींच्या मांड्यांवर वेली चढल्यात, दोन बाजूंना दोन स्त्रिया त्या वेली दूर करताहेत. दिगंबर त्यांना विद्याधरी म्हणतात. आपल्या कथेत त्या ब्राह्मी आणि सुंदरी, त्यांच्या बहिणी, ज्या येऊन सांगतात की भाऊ, हत्तीवरून खाली उतर. हत्ती म्हणजे अभिमान. वर्षभर उभा राहून, अंगावर वारुळं चढूनही जे सुटलं नव्हतं ते. मी तिथे बराच वेळ उभी होते. माझ्या तीस वर्षांच्या नियमावर मीही बसलेय की काय, असं मनात आलंच. आलं म्हणून लिहिते, त्याचं उत्तर काढलेलं नाही.

पण नातीला आवडली ती अंबिका. आंब्याच्या झाडाखाली, सिंहावर, मांडीवर मूल. तिची गोष्ट नातीला माहीत नव्हती, मी तिथेच सांगितली. अग्निला नावाची ब्राह्मणाची बायको. घरी श्राद्ध होतं, ब्राह्मण जेवायचे होते, आणि त्याआधी दारात आलेल्या जैन मुनींना तिने भिक्षा वाढली. नवऱ्याने दोन लेकरांसह घराबाहेर काढलं. मुलं भुकेली झाली तेव्हा आंब्याला अवेळी फळं आली. पुढे ती नेमिनाथांची शासनदेवी झाली आणि पस्तावलेला नवरा मरून तिचा सिंह झाला. नात म्हणाली, "म्हणजे ज्याने हाकललं त्याच्यावरच बसली?" सूनबाई इतकी हसली की पहारेकरी डोकावून गेला. चार दिवसांत ती तेव्हा पहिल्यांदा मोकळी हसली. आपल्या जुन्नरच्या मानमोडीच्या डोंगरात अंबा-अंबिका लेणी आहेत, तिथलं अंबिका हे नाव हिचंच. घरापासून तासाभरावर. आता तिथेही जायचं आहे.

डोंगरावर पार्श्वनाथांची सोळा फुटी मूर्ती आहे, शके ११५६ चा लेख असलेली. मुलगा जाऊन आला, आम्ही खालून हात जोडले. संभाजीनगरात बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहिली, हिमरूच्या दुकानात सूनबाईने शाल घेतली, आणि रहदारीने जीव नकोसा केला. शहराबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

सोमवारी पैठण. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, हे वाचलेलं असतं, पण गावात शिरल्यावर एसटी स्टँड, उसाच्या गाड्या आणि चपलांची दुकानं दिसतात. गोदावरीवर उतरल्यावर कुठे ते जुनेपण जाणवतं. वर जायकवाडीचं धरण, नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. नाथांच्या वाड्यात गेलो, समाधीवर गेलो. मुनिसुव्रतनाथांच्या दिगंबर मंदिरातही गेलो, तिथली मूर्ती वाळूची आहे असं सांगतात.

पैठणला येण्यात माझा एक वेगळा स्वार्थ होता. आपली संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीला आणि मंदिरमार्गी बहिणींची चतुर्थीला, यावरून दरवर्षी घरोघरी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाच घरात सासूचं पंचमीला आणि सुनेचं माहेर चतुर्थीला. तर ही चतुर्थी सुरू झाली ती पैठणला. कालकाचार्य इथे चातुर्मासाला होते. पंचमीलाच इंद्रोत्सव, राजालाही त्यात असावं लागायचं. सातवाहन राजाने विचारलं, पर्युषण षष्ठीला करता येईल का? आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येणार नाही. मग एक दिवस आधी? ते चालेल. एका राजाची अडचण सोडवायला दिलेली सवड, आणि दोन हजार वर्षं आपण त्यावरून वेगवेगळे बसतो. मी पंचमीच पाळते आणि पाळणार. पण घाटावर उभं राहून मला आचार्यांचं कौतुक वाटलं. काय ओलांडायचं नाही आणि कुठे सरकता येतं, हे त्यांना एका क्षणात कळलं. नातीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग सुती अंगाचं ठरलं समज." वकील व्हायला हवी होती ही.

परतीचा रस्ता नगरवरून. आनंदधाममध्ये आनंदऋषीजींच्या समाधीपाशी बसून सामायिक केली. माझं माहेर नगरचं, १९९२ मध्ये आचार्यश्री गेले त्या दिवशी लोटलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथून भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आणे. पैठणहून जुन्नरला आणि पुढे नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांकडे बैलांचे तांडे जात ते जवळपास याच वाटेने. नाणेघाटातला तो दगडी रांजण जकातीचा, आणि राणी नागनिकेचा दानाचा मोठा लेख तिथलाच. आणे घाट उतरताना गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल उजेडात बघायचा होता, पण पाच वाजले होते, दशम्या सोडायच्या होत्या. मळगंगेच्या देवळापाशी गाडी लावून जेवलो. खाली बेल्ह्यात सोमवारचा बाजार उठत आला होता, बैल भरलेल्या पिकअप घाट चढत होत्या. त्यातले किती पुन्हा शेतात जाणार होते, कोण जाणे.

दुकानाच्या पायरीवर ह्यांनी पहिला प्रश्न केला, "किती झाले?" मी सांगितलं : डिझेल, धर्मशाळा, हिमरूची शाल, पैठणी शून्य. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची पेटी काढली. काठ दोन्ही बाजूंनी साडेआठ वार चांगला निघाला, एका टोकाला उंदराने कुरतडलंय. सहावारीला पुरून उरेल. पदरावरची जर काळी पडलीये, पण खरी चांदी आहे, उजळेल. विहीणबाईंना नातीने स्वतः फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "झाल्यावर फोटो पाठव, मग बोलू." सूनबाईने यावर काही मत दिलं नाही. येत्या शनिवारी मुलगा साडी घेऊन येवल्याला जाणार आहे. अंगाचं सूत आणि विणकरांची मजुरी माझ्या ठेवीच्या व्याजातून, मुद्दल मोडायचं नाही असं मी ठरवलंय. अंगाचा रंग कुठला घ्यावा यावर मात्र अजून घरात एकमत नाही. नातीला पोपटी हवा आहे, मला वाटतं डाळिंबी शोभेल.